घर आवडलंय, पण आकडा किती सांगायचा?

घर घेण्याबद्दलची पत्रं आपल्याकडे वर्षभर येतात, पण दिवाळी संपली की जास्तच येतात, पितृपक्षात कुणी व्यवहार करत नाही आणि पावसात कुणी घर बघत नाही म्हणून सगळं मागं पडलेलं एकदम सुरू होतं. या वेळी बहुतेकांनी एकच विचारलंय, भाव कसा बोलायचा. बँकेत घरकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली त्यामुळे माणसं कुठे अडकतात हे जवळून बघितलंय, त्यातलंच सांगतो. एक पत्र नीट सविस्तर घेतो कारण त्यात बाकीच्यांचे निम्मे प्रश्न येतात.

*काका, नमस्कार. आम्ही बेळगावात अनगोळला भाड्याने राहतो. मी खासगी शाळेत शिकवते, मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. वडगावात एक घर बघितलंय, तीस बाय चाळीसचा प्लॉट, खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि पत्र्याचं शेड, परड्यात विहीर, बांधून पंचवीस वर्षं झाली असतील. मालक तिघं भावंडं, थोरले पुण्याला, धाकटे इथेच, बहीण कोल्हापूरला. ५६ लाख सांगतात. एजंट म्हणतो दुसरी पार्टी ५४ ला तयार आहे, उद्यापर्यंत टोकन द्या. मामंजी म्हणतात ४२ पासून सुरू करा, मला इतकं खाली बोलायची लाज वाटते आणि मिस्टरांना भीती की घर हातातून जाईल. आमच्याजवळ सगळं मिळून १७ लाख आहेत, दागिने सोडून. किती सांगू? — एक वाचक, अनगोळ*

ताई, पहिलं म्हणजे उद्यापर्यंत टोकन द्यायचं नाही. घर गेलं तर जाऊ दे, वडगाव-शहापूर-खासबागात असली घरं परत निघतात, पण एका रात्रीत दिलेला लाख रुपयाचा विसार परत काढताना चपला झिजतात हे मी शंभरदा बघितलंय.

आता आकडा. सगळे जण मालकाच्या आकड्यावरून सुरुवात करतात, ५६ म्हणाले तर आपण ५० म्हणूया, मग ५३ ला मिटेल, असं. यात तुम्ही कुठेच नाही. तुमचा आकडा तुमच्या १७ लाखांतून निघतो, मालकाच्या ५६ मधून नाही. आज रात्री वही घेऊन दोघं बसा. आपल्याकडे कर्नाटकात असं जुनं घर घेताना मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज धरून शहरात ५.६ टक्के होतात, नोंदणी फी पूर्वी १ टक्का होती ती २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून २ टक्के झालीय, म्हणजे एकूण ७.६. एजंटचा एक टक्का धरा. बँक या रकमेच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, आणि हा मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो तुमच्याच खिशातून. म्हणजे ५२ लाखांना घर घेतलं तर २० टक्के म्हणजे १० लाख ४० हजार, मुद्रांक-नोंदणी जवळपास ३ लाख ९५ हजार, एजंटचे ५२ हजार, झाले पावणेपंधराच्या वर. राहिले दोन लाख, त्यात शेडचे पत्रे, वायरिंग, रंग. संपले १७.

म्हणजे ५२ ही तुमची शेवटची रेघ. ही तुम्ही दोघांनी आधी ठरवायची आणि मामंजींना पण सांगायची नाही, कारण घरात तीन माणसांना माहीत असलेला आकडा एजंटकडे पोचतोच. मुद्दाम कुणी सांगत नाही, बोलता बोलता निघून जातो.

अजून एक, कारण एजंट नक्की म्हणणार, "ताई, एक लाखासाठी काय ओढून धरताय, महिन्याला सातशे रुपये तर वाढणार." साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर खरंच साधारण सातशेच वाढतात, तो खोटं बोलत नाही. पण सातशे गुणिले २४० महिने करा, वर २० हजार रोख आणि त्या लाखावरचे मुद्रांक-कमिशनचे साडेआठ हजार, तो एक लाख तुम्हाला एक लाख पंच्याण्णव हजारांच्या वर पडतो. म्हणून भाव बोलताना शेवटच्या एकेक लाखाला जपायचं, तिथेच माणूस दमलेला असतो आणि तिथेच सोडून देतो.

सुरुवात कुठून करायची हे गल्लीतून कळतं. सांगितलेला रेट आणि झालेला रेट यात फरक असतो, आणि आपल्याला झालेला हवाय. संध्याकाळी त्याच गल्लीत जावा, किराणा दुकानात बसा, गेल्या दोन वर्षांत तिथे कोणकोणती घरं विकली, कितीला गेली विचारा. लोक सांगतात, वडगावात तर चहा पाजून सांगतात. तीन घरांचे आकडे मिळाले तरी पुरे. नोंदणी खात्याच्या कावेरी साइटवर सरकारी मार्गसूची दर, म्हणजे त्या भागाला सरकारने ठरवलेला भाव, पण बघून ठेवा, कारण त्याच्या खाली कितीही स्वस्त मिळालं तरी मुद्रांक सरकारी दरानेच भरावा लागतो, आणि फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर तो फरक इन्कम टॅक्सवाले तुमचं उत्पन्न म्हणून धरतात. मामंजींच्या ४२ ला मला हीच पहिली अडचण वाटते. दुसरी अडचण अशी की कारण नसलेला आकडा ऐकला की समोरचा माणूस चिडतो, ज्या घरात आई-वडील गेले त्या घराचा कुणी असा भाव केला की पोटात तुटतं, आणि मग तुम्ही नंतर ५० म्हणालात तरी तो ऐकत नाही. लाज वाटते म्हणालात ना, ते बरोबर वाटतंय तुम्हाला. पण लाजेने ५४ पण म्हणू नका.

कारण असलेला आकडा म्हणजे कसा, तर एखादा ओळखीचा मेस्त्री घेऊन घर परत बघा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, आपल्याकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस त्याच भिंतीवर मारतो, ओल धरली असेल तर नवीन रंगाच्या आत फुगवटा लागतो. शेजारी विचारा २०१९ च्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं, बळ्ळारी नाल्याच्या बाजूचं घर असेल तर हा प्रश्न सोडूच नका. विहिरीचं पाणी मे महिन्यात असतं का, नळ किती दिवसांनी येतो, ड्रेनेज लाइनला जोडलंय का अजून शोषखड्डा आहे. मेस्त्रीकडून दुरुस्तीचा कच्चा हिशोब कागदावर घ्या. समजा गल्लीतले आकडे ५२-५३ च्या आसपास निघाले आणि दुरुस्ती साडेतीन लाखाची निघाली, तर तुम्ही ४९ म्हणू शकता आणि मान वर करून म्हणू शकता. गल्लीतले आकडेच ५८ निघाले तर हे घर तुमच्या वहीत बसत नाही, तेव्हा भाव बोलायलाच जाऊ नका.

बोलायचं कुणाशी हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. तिघं मालक आहेत. आम्ही स्वतः घर घेतलं तेव्हा धाकट्याशी भाव ठरवला, चहा झाला, पेढे दिले, आणि आठ दिवसांनी थोरला बाहेरगावाहून आला आणि म्हणाला मला कुणी विचारलं. परत पहिल्यापासून. तोपर्यंत बायकोने देव कुठे मांडायचे ते ठरवलं होतं, मुलांनी खोल्या वाटून घेतल्या होत्या, मनाने आम्ही त्या घरात राहायला गेलो होतो आणि हे थोरल्याला आमच्या तोंडावरून दिसत होतं. जे ठरलं होतं त्याच्यावर चांगले पैसे देऊन ते घर घेतलं, त्याचा हप्ता भरताना मला दर महिन्याला तो दिवस आठवायचा. म्हणून तुम्ही आकडा तोंडातून काढायच्या आधी धाकट्यांना शांतपणे विचारा, "दादा, तिघांच्या वतीने कोण बोलणार? पुण्याच्या अण्णांना आणि ताईंना फोनवर घेऊया का?" ते नाही म्हणाले तर त्या दिवशी घर बघून या, आकडा सांगू नका.

एजंटला बाजूला टाकू नका, त्याने घर दाखवलंय, त्याचं कमिशन त्याला मिळालं पाहिजे. पण आकडा त्याच्या तोंडून जाऊ देऊ नका. त्याला दोन्हीकडून कमिशन मिळतं, व्यवहार ५० ला झाला काय आणि ५३ ला झाला काय त्याला दोन्हीकडचे मिळून सहा हजाराचा फरक, त्याला फक्त तो लवकर व्हायला हवा असतो. तो समोर बसू दे, बोला तुम्ही. दोघांपैकी एकानेच बोलायचं, आणि मला विचाराल तर तुम्ही बोला, कारण मिस्टर घाबरलेत. असं काहीसं, "घर आम्हाला पसंत आहे, परत परत फेऱ्या मारणार नाही. मेस्त्रीचा हिशोब हा असा आहे, शेजारचे व्यवहार असे झालेत, आम्ही ४९ देऊ शकतो. बँकेचं आमचं बोलणं झालंय." आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड असतं बगा, आपल्या माणसांना शांतता सहन होत नाही, कुणी बोललं नाही की आपणच "बरं पन्नास" म्हणून टाकतो. पाणी प्या, विहीर बघा, पण बोलू नका.

ते खाली आले की तुम्ही थोडं वर, पण प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा लहान. ४९, मग ५०.५, मग ५१.२५. आणि पैशाशिवाय दुसरं काय देता येतं ते बघा. भावंडांची वाटणी अडकली असेल तर त्यांना दोन लाखापेक्षा दोन महिने आधी पैसे मिळणं मोलाचं असेल. धाकट्यांचा मुलगा दहावीला असेल तर परीक्षेपर्यंत वरच्या खोलीत राहू दे म्हणा, लिहून घ्या आणि राहू द्या. जुनं कपाट, झोपाळा, आईचा पाटा-वरवंटा त्यांना न्यायचा असेल तर आनंदाने नेऊ द्या. हे सगळं मी भाव पाडायची युक्ती म्हणून सांगत नाही, त्यांच्या अडचणी खऱ्या असतात, आणि त्या ऐकल्या की आकडा हलतो.

दुसरी पार्टी ५४ ला तयार आहे म्हणतो ना, असेल किंवा नसेल, ते खणत बसू नका. तुमचा आकडा त्यामुळे बदलत नाही. "असेल तर त्यांना द्या दादा, आमचं रविवारपर्यंत हे राहील" एवढंच. ५३ वर येऊन ते थांबले तर नमस्कार करून उठा, नंबर ठेवून या.

आणि विसार देण्याआधी, आपल्याकडे काही घरात अजून संचकार म्हणतात, तीस वर्षांची ईसी, म्हणजे घरावर बोजा-व्यवहार काय झालेत त्याचा नोंदणी ऑफिसचा दाखला, काढा, ई-खाता, म्हणजे पालिकेचा ऑनलाइन उतारा, तिघांच्या नावावर झालाय का बघा, ऑक्टोबर २०२४ पासून ई-खात्याशिवाय नोंदणी होत नाही. कागद सगळे कन्नडमध्ये असतात, मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्यांना अक्षरं लागली तरी महसुली भाषा लागत नाही, तेव्हा आपला, म्हणजे मालकाचा किंवा एजंटचा नव्हे, असा जाणकार बसवून ओळ न ओळ वाचून घ्या. साठेखतात एक वाक्य घालून घ्या की बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही किंवा व्हॅल्युएशन, म्हणजे बँकेने काढलेली घराची किंमत, कमी आलं तर विसार पूर्ण परत. कारण बँक ५२ वर नाही, स्वतःच्या व्हॅल्युएशनवर कर्ज देते. ते ४८ आलं तर कर्ज ३८ लाख ४० हजार, म्हणजे तुमच्या खिशातून अजून तीन लाख वीस हजार, जे नाहीत. व्यवहार ५० लाख किंवा त्यावर गेला तर एक टक्का टीडीएस मालकाच्या पैशातून कापून तुम्हाला भरावा लागतो, मालक तिघं असले तरी एकूण रकमेवर. हे आधी सांगा, नाहीतर नोंदणी ऑफिसात ऐनवेळी भांडण होतं.

*सर, खानापुरात घर ठरतंय ४२ लाखांना. मालक म्हणतो कागदावर ३० दाखवू, १२ कॅश द्या, तुमचाच मुद्रांक वाचतो. सगळे असंच करतात म्हणतात. करावं का? — खानापूर*

करू नका. सगळे करतात म्हणूनच इतके बुडतात. मुद्रांक-नोंदणीचे नव्वद हजार वाचतील बरोबर, पण बँक कागदावरचा आकडा बघते, लहान कर्जाला ९० टक्के मिळतात ते धरूनही ३० वर जास्तीत जास्त २७ लाख कर्ज, म्हणजे हातातून १५ लाख घालायचे. कागदावर ४२ असते तर ३३ लाख ६० हजार मिळाले असते आणि हातचे ८ लाख ४० हजारच लागले असते. आणि उद्या तुम्ही घर विकाल तेव्हा तुमची खरेदी ३० चीच दिसणार, ते १२ लाख नफा म्हणून धरले जाणार, आजच्या साडेबारा टक्क्याने दीड लाख टॅक्स. नव्वद हजारासाठी दीड लाख. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा वर कॅश घेणं कायद्यानेच बंद आहे, दंड तेवढ्याच रकमेचा आणि तो घेणाऱ्यावर, हे मालकाला सांगा, तो पण विचार करेल. सगळ्यात वाईट म्हणजे व्यवहार मोडला तर त्या १२ लाखांचा पुरावा तुमच्याकडे काही नाही. अशी एक बाई माझ्या टेबलासमोर बसून रडली होती, नवऱ्याच्या पीएफचे पैसे होते.

मालकाला सगळे चेकने हवे नसतील तर भाव कितीही चांगला असू दे, ते घर सोडा.

*काका, सासऱ्यांनी निपाणीत स्वतः बांधलेलं घर आहे, ते आणि सासूबाई दोघं गेले, उताऱ्यावर मिस्टर आणि दीर. दीर बेंगळुरूला असतात, त्यांचा अर्धा हिस्सा आम्ही घ्यावा म्हणतात, २२ लाख सांगतात. बाहेरचा कुणी एवढे देणार नाही. घासाघीस केली तर नातं तुटेल आणि नाही केली तर मुलीचं शिक्षण अडेल. — निपाणी*

वहिनी, आधी एक विचारतो, नणंद आहे का? सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा हिस्सा मुलांइतकाच, १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे, उताऱ्यावर नाव नसलं तरी जात नाही. मग दिरांचा अर्धा नाहीच, तिसरा हिस्सा आहे, आणि तुमच्या मिस्टरांचा पण तेवढाच. नणंदबाईंनी आपणहून हक्कसोड करून दिली तरच अर्धा-अर्धा. त्यांना न विचारता तुम्ही २२ लाख दिलेत तर पैसे गेले आणि हक्क राहिला अशी गत होईल. त्यांना बोलवा, साडी देऊन सही घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे ती मला कधीच पटली नाही, त्यांना हिस्सा हवा असेल तर तो त्यांचाच आहे.

भावाचं म्हणाल तर घरातल्या घरात आकडा कुणीच सांगू नये. दिरांनी सांगितला आणि तुम्ही कमी केला की ते भांडणच होतं, कितीही गोड बोला. दोघांना मान्य असा सरकारमान्य व्हॅल्युअर आधी ठरवा, त्याची फी निम्मी-निम्मी द्या, आणि तो येण्याआधी सगळ्यांनी मान्य करा की तो सांगेल त्या किमतीचा हिस्सा धरायचा. बाहेरचा कमी देईल हे खरंय, कारण घरात दुसऱ्याचं बिऱ्हाड असताना अर्धं घर कुणी घेत नाही, पण हा मुद्दा भावाशी बोलताना काढू नका, तो दबाव वाटतो आणि आहेच तो दबाव. उलट गेल्या दहा-बारा वर्षांत तुम्ही घरपट्टी भरली, कौलं उतरवून स्लॅब टाकला, मोटर बसवली असेल तर त्याच्या पावत्या काढा, तो खर्च हिस्स्याप्रमाणे वजा व्हायला पाहिजे आणि तो मागताना संकोच नको. पैसे एकदम जमत नसतील तर तीन हप्ते मागा, दीर आहेत, बँकेपेक्षा बरे ऐकतील. दस्त खरेदीचा करायचा की हक्कसोडीचा हे वकिलांना विचारून ठरवा, दोन्हीत मुद्रांक वेगळा पडतो.

मिस्टरांनी बोलावं, तुम्ही नाही, आणि फोनवर किंवा फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नाही. यात्रेला नाहीतर गणपतीला दीर घरी येतीलच, जेवणं झाली की दोघं भाऊ गच्चीवर बसू देत.

*हिंडलग्याच्या बाजूला एक घर आजूबाजूच्या रेटपेक्षा सात-आठ लाखांनी स्वस्त मिळतंय. अजून कमी करून मागू का? — बेळगाव*

कमी मागण्याआधी स्वस्त का ते विचारा. पंचायत हद्द असेल तर पंचायतीचे जागेचे उतारे, नमुना ९ आणि ११ए आहे की ११बी, ते बघा. ११बी असेल तर ती जागा नियमात न बसलेली, बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचं गिऱ्हाईक पण हाच सात-आठ लाखांचा तुकडा पाडून मागणार. बिनशेती आदेश, लेआउट मंजुरीची प्रत मागा. प्रत देऊ म्हणून पंधरा दिवस लावले तर समजून घ्या.

*माझी ऑफर मालकाने दोन महिन्यांपूर्वी तोंडावर नाकारली होती. घर अजून तसंच आहे, दारात पालापाचोळा साठलाय. परत गेलो तर किंमत जाईल काय? — चिकोडी*

जावा की. किंमत कसली जातेय. दोन महिन्यांत त्यांनी चार गिऱ्हाइकं बघितली असतील आणि त्यांना पण कळलं असेल. फक्त जाताना जुनाच आकडा घेऊन जावा, वाढवून नको आणि पडतं बघून पाडून पण नको, "तेव्हा म्हटलं होतं तेवढे आजही देतो, कर्ज मंजूर झालंय, महिन्यात खरेदीखत करू" म्हणा आणि मंजुरीचं पत्र खरोखर बरोबर न्या. ते अजून थोडं मागतील, त्यासाठी तुमच्या शेवटच्या आकड्यापर्यंत जी काही जागा शिल्लक असेल ती आजच वहीत लिहून ठेवा.